धूमकेतूची प्रत: तारा किती पसरवायचा?

प्रश्न: तीन आठवडे एका धूमकेतूची प्रत (तेजाचा आकडा; जितका लहान, तितका उजळ) नोंदवतो आहे. एकाच रात्री १०×५० द्विनेत्रीतून ७.० आली, तर आठ इंची दुर्बिणीतून ७.९. खरी कोणती? आणि धूमकेतू खरोखर उजळतोय हे कसं ओळखायचं?

उत्तर: द्विनेत्रीची धरा. मोठ्या दुर्बिणीत, जास्त वर्धनाखाली कोमाची (धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या धूसर ढगाची) फिकट कड आकाशात विरून जाते आणि डोळा फक्त मधला भाग मोजतो. धूमकेतू सहज दिसेल असं सर्वांत लहान साधन निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे टोकदार ताऱ्याशी तुलना. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो, धूमकेतूचा पसरलेला. त्यामुळे धूमकेतू आहे त्यापेक्षा मंद वाटतो. म्हणून कोमा नीट फोकसमध्ये पाहून त्याचा आकार आणि सरासरी उजेड मनात पक्का करा. मग फोकस बिघडवून तारे तेवढेच पसरवा. समजा ६.८ प्रतीचा तारा धूमकेतूपेक्षा उजळ आणि ७.४ चा मंद दिसला, आणि धूमकेतू पहिल्यापासून एक तृतीयांश अंतरावर वाटला, तर प्रत ७.०. तारे धूमकेतूइतक्याच उंचीवरचे घ्या, नाहीतर क्षितिजाजवळची हवा हिशेब बिघडवते. कोमाचा मध्य फारच दाट असेल, तर धूमकेतूही थोडा पसरवून सपाट करा आणि तारे त्या आकाराला आणा.

कोमाचा व्यास स्थिर (आकाशामागे न फिरणाऱ्या) दुर्बिणीत छान मोजता येतो. कोमाला दृष्टिक्षेत्राची कड ओलांडायला लागलेले सेकंद भागिले चार, गुणिले क्रांतीची (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराची) कोज्या (cos), म्हणजे व्यास कलांमध्ये (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). खगोलीय विषुववृत्ताजवळ ४० सेकंद लागले तर १० कला. सोबत घनता, म्हणजे कोमाचा मध्य किती दाट आहे ते, ० (एकसारखा धूसर) ते ९ (ताऱ्यासारखा) या मापात लिहा. जागतिक वेळ, साधन आणि चंद्र होता का, तेही. चांदण्यात कोमा लहान आणि मंदच भासतो.

इतरांनी वर्तवलेली अंदाजित प्रत आधी पाहू नका, डोळा तिकडेच झुकतो.

उजळणं खरं की जवळ येण्याचं, हे कळण्यासाठी पृथ्वीपासूनच्या अंतराचा (खगोलीय एककांत, म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या पटीत) १० पायाचा लॉग घेऊन त्याची पाचपट प्रतीतून वजा करा. अंतर निम्मं झालं की धूमकेतू काही न करता दीड प्रतीने उजळतो! उरलेल्या आकड्यात सूर्याजवळ येण्याचा परिणाम असतो, पण तो सावकाश चढतो. एकदम उडी आली तर उद्रेक समजा: ऑक्टोबर २००७ मध्ये होम्स धूमकेतू १७ व्या प्रतीच्या आसपासून दोन दिवसांच्या आत तिसऱ्या प्रतीपेक्षाही उजळ झाला होता. तशी उडी दिसली तर त्या रात्री तासातासाने घनता आणि व्यास टिपा.