लोकलेखा समिती सरकारचा खर्च अडवू शकते का?

नाही. पैसे खर्च झाल्यावरच ही संसदीय समिती हिशेब तपासते आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. पण म्हणून ती नावापुरती आहे असं मुळीच नाही. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत मांडला गेला की समिती त्यातले मुद्दे निवडते आणि खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारते: मंजुरीपेक्षा जास्त खर्च का झाला? ज्या कामासाठी पैसे दिले, त्यावरच गेले का? भल्याभल्या अधिकाऱ्यांना इथे घाम फुटतो. २२ खासदार असतात (लोकसभेचे १५, राज्यसभेचे ७), मंत्री एकही नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधकांकडे द्यायचा प्रघात आहे. शिफारशींवर काय केलं ते सरकारला लेखी कळवावं लागतं. माझ्या मते खरी रखडपट्टी तिथेच होते.