टपालसेवा आणि आपत्तीची तयारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा आपत्कालीन आराखडा ऐंशी पानांचा आहे. वेळ आली तर तो कोण वाचणार?

उत्तर : कुणीच नाही. ऐंशी पानं मुख्यालयाला लागतात. कार्यालयाच्या भिंतीवर हवं एकच पान : निर्णय कोण घेणार, तो पोहोचला नाही तर कोण, आणि टपाल कुठल्या कार्यालयाकडे वळवायचं. त्यावर आणखी एक यादी असावी, जी मला क्वचितच दिसते : काय थांबवायचं याची. सगळंच चालू ठेवायला गेलं की औषधांचं पार्सल जाहिरातींच्या गठ्ठ्याखाली अडकतं. जाहिराती आधी थांबवा, मग साधी पार्सलं. औषधं, पेन्शन आणि मदतीच्या रकमा शेवटपर्यंत चालू राहिल्या पाहिजेत. हा क्रम आधीच ठरलेला असला की पोस्टमास्तरला वरून फोन येण्याची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : पाणी शिरतंय आणि हातात अर्धा तास आहे. आधी काय वाचवायचं?

उत्तर : माणसं. वेळ उरला तर वीज बंद करून रजिस्टर्ड टपाल, रोकड, शिक्के आणि नोंदवह्या वर हलवा, मग बाकीच्या पिशव्या. भिजलेली पत्रं फेकू नका. ती निथळवून, पत्ता वाचता येत असेल तर पुढे पाठवता येतात.

बटवड्याबद्दलही सांगतो. पत्र पोहोचवायचंच या जिद्दीपायी पोस्टमन वाहत्या पाण्यात पाय घालतो. ही जिद्द मला प्रिय आहे, म्हणूनच म्हणतो : धोका दिसला तर माघारी फिरण्याची मुभा त्याला लेखी द्या.

प्रश्न : पाकिटातून पांढरी पावडर सांडली तर?

उत्तर : पाकीट हलवू नका, वास घेऊ नका, कपडे झटकू नका. ते आहे तिथेच अलगद झाका, पंखे आणि वातानुकूलन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढून दार लावा. साबणाने हात धुवा, पोलिसांना कळवा आणि खोलीत कोण कोण होतं त्यांची नावं लिहून ठेवा.

यातली प्रत्येक सूचना महागात शिकलेली आहे. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सचे जंतू घातलेली पत्रं टपालातून गेली आणि पाच माणसं दगावली. १५ ऑक्टोबरला एका सिनेटरच्या कार्यालयात असं पत्र उघडलं गेलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच औषधं मिळाली. तेच पत्र वॉशिंग्टनमधल्या ज्या ब्रेंटवुड टपाल छाटणी केंद्रातून (जिथे पत्रं पत्त्यांनुसार वेगळी करतात) गेलं होतं, ते मात्र २१ तारखेपर्यंत चालू राहिलं. बंद पाकिटातून जंतू बाहेर पडणार नाहीत, असा समज होता. छाटणीची यंत्रं पाकिटं दाबतात, आणि ती साफ करताना दाबाची हवा मारली जायची, हे लक्षात घ्यायला उशीर झाला. तिथले दोन टपाल कर्मचारी गेले. केंद्र पुन्हा सुरू झालं ते डिसेंबर २००३ मध्ये, त्या दोघांच्या नावाने. म्हणून माझा आग्रह असतो : पत्र जिथे उघडलं तिथेच न थांबता त्याचा सगळा मार्ग तपासा, आणि ते पत्र हाताळणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सावध करा.

प्रश्न : गावच्या गाव स्थलांतरित झालं, तर पत्रं कुठे द्यायची?

उत्तर : पत्ता वाहून जातो, माणूस असतोच. २००५ मधल्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकी टपाल खात्याने विस्थापितांना पत्ताबदल नोंदवायला सांगितलं आणि सरकारी धनादेश तात्पुरत्या केंद्रांवरून वाटले. निवाऱ्यात पहिल्याच दिवशी एक टेबल आणि पत्ताबदलाचे अर्ज ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज भरून द्यायला माणूस बसवा. ओळखीची कागदपत्रं पुरात गेली असतील, तेव्हा ओळख कशी पटवायची हेही आधी ठरवा; ऐनवेळी याच मुद्द्यावर म्हाताऱ्या माणसांची पेन्शन अडते.

प्रश्न : संगणकच बंद पडले तर?

उत्तर : जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मेलवर सायबर हल्ला झाला. परदेशी टपाल पाठवणं थांबलं, आणि ग्राहकांना तसलं टपाल आणूच नका असं सांगावं लागलं. देशांतर्गत बटवडा मात्र चालू राहिला. कागदी पावत्या आणि हाताने नोंदी करायची पद्धत जिवंत ठेवा. तिचा सराव वर्षातून दोनदा तरी घ्या, तोही कामाच्या गर्दीच्या दिवशी, नुकत्याच रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना काउंटरवर बसवून.