२६ आठवडे संपल्यावर अमेरिकेत वाढीव बेकारी भत्ता मिळतो का?

तुम्ही विचारलंय : भाऊ न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्ड आहे, ले-ऑफनंतरचे भत्त्याचे २६ आठवडे पुढच्या महिन्यात संपतात. पुढे 'एक्स्टेंडेड बेनिफिट्स' मिळतील का, आणि तो डॅलसला मित्राकडे राहायला गेला तर चालेल का?

मी वकील नाही. पण मिशिगनमध्ये २००९ ते २०११ हे सगळं आमच्या घरात झालं. नोकरी मिस्टरांची गेली आणि कागदपत्रं माझ्याकडे आली.

भाऊ अजून बेकार आहे, एवढ्यावर वाढीव भत्ता सुरू होत नाही. आधी त्याच्या राज्यातली बेकारी एका ठरावीक रेषेच्या वर जावी लागते. १९७० च्या केंद्रीय कायद्याने ही योजना आली. खर्च एरवी केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. एखाद्या राज्यात विम्याखाली येणाऱ्या कामगारांपैकी भत्ता घेणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं आणि ते मागच्या दोन वर्षांच्या याच दिवसांतल्या सरासरीच्या १२० टक्के भरलं, की त्या राज्याला योजना चालू करावीच लागते; हा नियम सगळ्या राज्यांना आहे. गंमत बघा, या मोजणीत नेहमीचा भत्ता चालू असलेलेच येतात. ज्याचे आठवडे संपले, म्हणजे ज्याला वाढीव भत्त्याची खरी गरज, तो मोजणीतूनच गळतो.

म्हणून दुसरा मापदंड आहे. राज्याचा एकूण बेकारीचा दर तीन महिन्यांच्या सरासरीने ६.५ टक्के हवा आणि मागच्या दोनपैकी एका वर्षाच्या तुलनेत तो ११० टक्के तरी हवा. तेवढं जमलं तर जास्तीत जास्त १३ आठवडे मिळतात, दर ८ टक्क्यांवर गेला तर २०. पण हा मापदंड ऐच्छिक आहे, विधिमंडळाने तसा कायदा केला असेल तरच लागू होतो. वॉशिंग्टन, ओरेगॉन यांनी तो कायमचा घेतला. २००९ मध्ये केंद्राने सगळा खर्च उचलायचं ठरवल्यावर बऱ्याच राज्यांनी घाईघाईने घेतला, तोही केंद्राचे पैसे येतायत तोवरच.

त्या '११० टक्के'ने आमचा जीव टांगणीला लावला होता. २०११ च्या सुरुवातीला मिशिगनची बेकारी १० टक्क्यांच्या वरच होती, पण आदल्या दोन वर्षांत ती त्याहून भयंकर होती. म्हणजे ताप १०४ वरून १०२ वर आला म्हणून औषध बंद! डिसेंबर २०१० मध्ये केंद्राने तिसऱ्या वर्षाशीही तुलना करायची मुभा दिली, पण त्यासाठी पुन्हा राज्याचा कायदा हवा. गव्हर्नर रिक स्नायडर यांनी मार्च २०११ मध्ये तो सही केला. आमचा वाढीव भत्ता वाचला. त्याच कायद्यात पुढच्या वर्षापासूनच्या नव्या क्लेमसाठी नेहमीचे आठवडे २६ वरून २० केले होते. वाढीव आठवडे नेहमीच्या आठवड्यांच्या निम्म्याच्या हिशेबाने ठरतात, म्हणजे पुढच्यांना दोन्हीकडून कात्री. मिशिगनमध्ये २६ आठवडे परत यायला २०२५ उजाडलं.

आता तुमच्या भावाकडे वळते. राज्यात योजना चालू असली तरी त्याची स्वतःची पात्रता वेगळी बघतात. बेस पिरियडमध्ये (क्लेमच्या आधीचा, कमाई मोजण्यासाठी धरतात तो साधारण वर्षभराचा काळ) २० आठवडे पूर्णवेळ काम, किंवा आठवड्याच्या भत्त्याच्या ४० पट कमाई, किंवा सर्वात जास्त कमाईच्या तिमाहीच्या दीडपट कमाई, यातली कोणती कसोटी लावायची ते राज्याचा कायदा ठरवतो. (तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी एच-१बीचं, म्हणजे एकाच कंपनीच्या नोकरीशी बांधलेल्या व्हिसाचं विचारलंय. नोकरी गेल्यावर तो माणूस दुसरीकडे लगेच कामाला लागायला मोकळा धरला जात नाही, त्यामुळे सहसा नेहमीचाच भत्ता मिळत नाही, वाढीव लांबच.)

काम शोधण्याचे नियम इथे कडक होतात. आमच्याकडे एक दोनशे पानी वही होती : तारीख, कंपनी, कोणाशी बोललो, काय उत्तर आलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दर दुसऱ्या आठवड्याला लाल गोल, आणि त्यात 'मार्विन'. मार्विन म्हणजे भत्ता चालू ठेवायला माहिती द्यायची मिशिगनची फोनवरची यंत्रणा; फोन करून 'हो'ला एक आकडा, 'नाही'ला दुसरा दाबायचा. धाकटा बरेच दिवस मार्विनला बाबांचा मित्र समजत होता.

आणि काम नाकारताना जपून. स्वतःच्या क्षेत्रात लवकर नोकरी लागण्याची शक्यता दिसत नसेल, तर अंगाला झेपणारं, किमान वेतनाइतकं आणि भत्त्यापेक्षा जास्त देणारं कोणतंही काम 'योग्य' धरतात. मिस्टर वीस वर्षांचे टूलिंग इंजिनियर. त्यांना गोदामात तासाला १० डॉलरचं काम लेखी देऊ केलं. आठवड्याचे ४०० होतात आणि भत्ता होता ३६२. नाकारता येईना. किमान वेतन तेव्हा ७ डॉलर ४० सेंट होतं. त्या दराने बोलावलं असतं तर ४० तासांचे २९६ झाले असते आणि नाही म्हणता आलं असतं. असं काम नाकारलं की भत्ता थांबतो, आणि चार आठवडे काम करून आठवड्याच्या भत्त्याच्या चौपट कमाई दाखवेपर्यंत पुन्हा सुरू होत नाही. त्यांनी गोदाम धरलं. सात आठवड्यांनी जुन्या ओळखीतून टूलिंगचं काम मिळालं.

डॅलसचं मात्र आत्ताच ठरवू नका. भत्ता न्यू जर्सीचाच राहतो, पण टेक्सासमध्ये त्या वेळी वाढीव योजना चालू नसेल, तर तिथे राहून फक्त पहिले दोन आठवडे मिळतात. कोणत्या राज्यात योजना चालू आहे याची यादी अमेरिकेचं श्रम खातं दर आठवड्याला काढतं. तिकीट काढायच्या आधी त्यात दोन्ही राज्यं बघायला सांगा.