सुरूर फाट्याला उतरलेली बाई

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तीनदा वाचला. अभ्यासिकेत पेपर सोडवता सोडवता छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आता आपलं काही खरं नाही असं वाटून तू जिना उतरून थेट रस्त्यावर आलीस. मैत्रिणींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नीट आला आणि डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." त्यानंतरचे पंधरा दिवस तू अभ्यासिकेची पायरी चढलेली नाहीस, आणि आता विचारतेस, सगळं गुंडाळून गावी येऊ का?

उत्तर देते, पण आधी माझं ऐक.

मी ३८ वर्षांची होते. पुण्याहून वाईला येत होते, एसटीत, खिडकीपाशी. खंबाटकी घाट चढताना गाडी ट्रकच्या मागे अडकली आणि माझा जीव एकदम घाबरा झाला. तुला झालं तेच सगळं. घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला मी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, आणि रसवंतीच्या बाकड्यावर बसल्याबसल्या दहा मिनिटांत बरीही झाले. मनाने लगेच हिशेब मांडला, उतरले म्हणून वाचले. तो हिशेब साफ चुकीचा होता. तशी धडधड दहाएक मिनिटांत शिखराला पोचते आणि मग आपोआप ओसरते. गाडीत बसून राहिले असते तरी ओसरलीच असती. पण ते सांगायला कुणी नव्हतं.

मग मी एसटी सोडली. नंतर नाटकाला कडेची खुर्ची मागायला लागले, मग नाटकच सोडलं. पुढे शाळेत परिपाठाला उभं राहायची वेळ आली की मुख्याध्यापकांना कारणं सांगायची. तुमच्या वर्गालाही वाटायचं, बाईंचा घसा सारखा बसतो. टाळणं म्हणजे सावकाराचं कर्ज आहे बघ. आज लगेच सुटका हातात पडते, आणि व्याज म्हणून उद्या आणखी एक जागा जाते. आईने मीठमोहरीने दृष्ट काढली, शेजारणीने गॅसचं चूर्ण दिलं, मी चार वेळा ईसीजी काढले. एका डॉक्टरांनी काही न समजावता झोपेची गोळी लिहून दिली, ती मी वर्षभर मेडिकलमधून आणत राहिले. सोडताना फार त्रास झाला.

"काही नाही" हे अर्धंच वाक्य आहे. हृदयाला काही नाही, एवढंच ते सांगतं. तुला जे झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. वाघ समोर आल्यावर शरीर जे करतं, तेच ते वाघ नसताना करतं. भीतीने आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि गरगरतं. त्या मुंग्यांना आपण 'मरणाची खूण' समजतो, भीती वाढते, श्वास आणखी जोरात. असे झटके पुन्हा पुन्हा यायला लागले, आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने माणूस जगणं आखडतं घ्यायला लागला, की त्याला आजार म्हणायचं. चिंतेचे आजार इतरही आहेत. कुणाला चारचौघांत बोलायचीच दहशत असते, कुणाला सहा-सहा महिने रोज कसली ना कसली काळजी पोखरते. तुझं नेमकं कोणतं, ते मी ठरवायचं नाही.

ते ठरवायला मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पुण्यात आहेस, ससूनमध्ये तो विभाग आहे, खासगी फी परवडत नसेल तर तिथे केसपेपर काढ. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, ते करून घे, थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते. मात्र ईसीजी पुन्हा पुन्हा काढू नकोस. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि जगणंच नको असं कधी मनात आलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, लगेच कुणालातरी सांगायचं. मला सांगितलंस तरी चालेल.

घरचे म्हणतील, पोरीला येरवड्याला नेणार का? म्हणू देत. आपल्याकडे या एका गावाच्या नावाने किती जणांचे उपचार राहिले असतील, देव जाणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार गुप्त राखण्याचा हक्क तुला दिलाय.

गोळ्या दिल्या तर घाबरू नकोस, पण प्रत्येकीचं नाव आणि काम विचार. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांची सवय लागत नाही. मात्र गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नसतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम लगेच शांत करतात, पण सवय लावतात. माझी चूक त्यातलीच.

मला खरं बरं केलं ते मानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांनी मला खुर्चीत बसवून मुद्दाम मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावले. मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, आणि त्या शांतपणे घड्याळाकडे बघत होत्या! माझ्या अंगावर आलेला वाघ मीच तयार केला होता, हे तिथे पहिल्यांदा कळलं. मग पायऱ्या आखल्या. नुसतं स्टँडवर बसायचं, मग एक थांबा सोबत कुणीतरी घेऊन, मग एकटीने. दर वेळी भीती उतरेपर्यंत थांबायचं, मधेच पळायचं नाही. घाटापर्यंत पोचायला चार महिने लागले. त्यात दोनदा मागेही गेले.

तेव्हा गावी ये, दिवाळीला ये, पण अभ्यासिकेपासून पळून येऊ नकोस. उपचार सुरू होईपर्यंत निदान रोज संध्याकाळी तिच्या जिन्यापर्यंत जाऊन यायचं. चहा दिवसाला एकच, तुमच्या पेठेतले कटिंगचे आकडे मला माहीत आहेत.

ससूनला जायचा दिवस ठरला की कळव. पहिल्या वेळी मी येते सोबत, दुसऱ्या वेळी तुझी तू जा. मी एसटीनेच येईन, खिडकीपाशी बसून.

तुझ्या बाई