ॲल्युमिनियमचा डोम काढून रेशमी बसवला तर आवाजाचा बोचरेपणा जाईल का?

तुम्ही १६५ मिमीचा वूफर (खालचे सूर वाजवणारा) आणि २५ मिमी ॲल्युमिनियम डोमचा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा, डोम म्हणजे त्याचा हलणारा घुमट) घेऊन टू-वे स्पीकर बांधलात. दोघांत सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर ३ किलोहर्ट्झला, सेकंड ऑर्डर (ऑर्डर जितकी वरची, तितकी वाटणी तीव्र उताराची). गाणाऱ्या बाईच्या आवाजातले 'स' आणि 'श' टोचतात आणि अर्ध्या तासात कान थकतात. म्हणून तुम्ही विचारताय की रेशमी डोमचा ट्वीटर घ्यावा, की थोडं थांबून पैसे साठवून थेट बेरिलियमचा.

माझं म्हणणं आहे की आत्ता काहीच विकत घेऊ नका. तुम्हाला टोचतंय हे खरंच आहे, त्यावर मी शंका घेत नाही. पण ते ॲल्युमिनियममुळे टोचत असण्याची शक्यता फार कमी आहे. का, ते सविस्तर लिहितो, कारण "धातूचा डोम कर्कश, रेशमाचा गोड" हे इतक्या वेळा सांगितलं जातं की चांगले ट्वीटर उगाच बदलले जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी डोमचं काम पाहू. व्हॉइस कॉइल, म्हणजे सिग्नलने हलणारी तारेची गुंडाळी, डोमच्या कडेला चिकटवलेली असते. म्हणजे धक्का बसतो तो फक्त कडेला. तो मधल्या शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि किती वेळ लागतो ते मटेरियल ठरवतं. खालच्या फ्रिक्वेन्सीला हा वेळ नगण्य असतो, सगळा डोम एकाच तुकड्यासारखा पुढेमागे होतो. वर जाऊ तसा शेंडा कडेच्या मागे पडायला लागतो आणि एका ठिकाणी डोम स्वतःच्या लयीत वाकायला, थरथरायला लागतो. हाच ब्रेकअप. तो कुठे येतो आणि आला की कसा वागतो, मटेरियलची बहुतेक सगळी चर्चा या दोन प्रश्नांची आहे.

कुठे येतो हे ताठपणा आणि घनता यांच्या गुणोत्तरावर ठरतं. पदार्थातला आवाजाचा वेगही त्यावरूनच निघतो. आणि इथे एक गंमत आहे, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मॅग्नेशियम आणि अगदी साधं पोलाद, या सगळ्यांत तो वेग जवळपास सारखाच आहे, सेकंदाला साधारण ५ किलोमीटर. टायटॅनियम जास्त ताठ, पण तितकंच जड. मॅग्नेशियम हलकं, पण तितकंच लवचीक. त्यामुळे "टायटॅनियमचा आहे म्हणून वरपर्यंत जातो" यात फारसं तथ्य नाही. फरक पडतो तो दुसऱ्या वाटेने. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे हलका धातू त्याच वजनात जाड करता येतो आणि वाकायला जड जातो. मॅग्नेशियमला तिथे फायदा मिळतो. टायटॅनियम मजबूत असल्यामुळे ते फार पातळ करता येतं, हा त्याचा फायदा.

खरी उडी बेरिलियमला. त्याची घनता ॲल्युमिनियमच्या साधारण दोन तृतीयांश आणि ताठपणा चौपट, त्यामुळे वेग साडेबारा किलोमीटरच्या आसपास. हिऱ्यात तो सतरा किलोमीटरच्या वर जातो. सिरॅमिक डोममधलं ॲल्युमिनियम ऑक्साइड ॲल्युमिनियम आणि बेरिलियम यांच्या मध्ये बसतं. याचा परिणाम असा की चांगल्या २५ मिमी ॲल्युमिनियम डोमचा ब्रेकअप साधारण २५ ते ३० किलोहर्ट्झमध्ये येतो, बेरिलियमचा त्याच्या बराच वर, आणि बॉवर्स अँड विल्किन्स आपल्या हिऱ्याच्या डोमसाठी ७० किलोहर्ट्झचा आकडा देते. बेरिलियम ही नवी कल्पनाही नाही. यामाहाच्या एनएस-१००० एममध्ये १९७४ साली ३० मिमीचा बेरिलियम ट्वीटर होता आणि सोबत ८८ मिमीचा बेरिलियमचाच मिडरेंज डोम. मला विचाराल तर बेरिलियमची खरी किंमत त्या मिडरेंजमध्ये वसूल होते. एवढा मोठा डोम ॲल्युमिनियमचा केला असता तर त्याचा ब्रेकअप कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरला असता. २५ मिमीच्या ट्वीटरला ही अडचण मुळातच नाही.

आता तो आला की कसा वागतो. धातूत अंतर्गत घर्षण फार कमी, त्यामुळे ब्रेकअप टोकदार असतो, ग्राफवर १० डेसिबल किंवा त्याहून उंच सुळका दिसतो. पितळी भांड्याच्या काठावर टिचकी मारली की ते घुमत राहतं, तसंच. पण भांडं घुमवायला टिचकी लागते. २७ किलोहर्ट्झचा सुळका घुमवायला २७ किलोहर्ट्झचा सिग्नल लागतो, आणि सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये २२.०५ किलोहर्ट्झच्या वर काही असूच शकत नाही. डिस्टॉर्शनचं काय, असं तुम्ही विचाराल. ९ किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीची भेसळ, २७ ला पडतो आणि सुळका त्याला उचलून धरतो, ग्राफवर ते नक्की दिसतं. ऐकू मात्र येत नाही, कारण तो हार्मोनिक स्वतःच कानाच्या पलीकडे आहे. मध्यमवयीन माणसाला १५ किलोहर्ट्झ ऐकू आलं तरी पुष्कळ.

रेशमी डोमची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त आवडणारी. त्यात रेशीम किंवा पॉलिएस्टरचं विणलेलं कापड असतं, त्यावर चिकट राळेसारखं कोटिंग. त्याला ताठपणा असा फारसा नाहीच. वरच्या सप्तकात, साधारण १० किलोहर्ट्झच्या पुढे, कडेचा धक्का मध्यापर्यंत पोचता पोचता कोटिंगमध्ये जिरून जातो. शेंडा मागे राहतो, आणि आवाज मुख्यतः कडेच्या कड्यातून निघतो. म्हणजे ज्याला आपण "गुळगुळीत" म्हणतो तो डोम खरं तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच ब्रेकअपमध्ये असतो, फक्त तो इतका दाबलेला असतो की सुळका उठत नाही. हे कौशल्याचं काम आहे. कोटिंग थोडं जास्त झालं तर संवेदनशीलता (तेवढ्याच सिग्नलला मिळणारा आवाज) आणि वरचं टोक दोन्ही पडतात, कमी झालं तर ग्राफवर खाचखळगे दिसतात. म्हणून रेशमी ट्वीटर घेताना मी जोडीतले दोन्ही मोजून घेतो. कोटिंगच्या फरकामुळे वरच्या टोकाला डाव्या-उजव्यात तफावत निघू शकते.

धातूचा डोम जवळपास २० किलोहर्ट्झपर्यंत एकसंध हलतो आणि मग जोरात घुमतो. रेशमी डोम आधीच मऊपणे विरघळायला लागतो. दोन्ही तडजोडी विचारपूर्वक केलेल्या आहेत. पण तुमचे 'स' आणि 'श' साधारण ३ ते ९ किलोहर्ट्झमध्ये येतात. तिथे ॲल्युमिनियमचा डोम कडक पिस्टन असतो आणि रेशमीसुद्धा बहुतांशी नीटच हलत असतो. त्या पट्ट्यात मटेरियलला बोलायला जागाच नाही.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. माझ्याकडे एकाच कंपनीचे दोन ट्वीटर होते, तेच मॅग्नेट, तीच फेसप्लेट, एकाचा डोम कापडी आणि दुसऱ्याचा ॲल्युमिनियमचा. सरळ बदलून ऐकले तेव्हा घरातल्या तिघांनीही लगेच ओळखले. मग मायक्रोफोन लावला. धातूचा दीड डेसिबल मोठा निघाला आणि १२ किलोहर्ट्झच्या पुढे हळूहळू चढत होता, कारण वरच्या सुळक्याचा पायथा तिथपर्यंत पसरलेला असतो. डीएसपीने (सिग्नल डिजिटल पद्धतीने बदलणाऱ्या यंत्राने) दोन्ही ट्वीटर १५ किलोहर्ट्झपर्यंत अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवले, पडद्यामागे ठेवले आणि पुन्हा ऐकवले. कुणालाच खात्रीने ओळखता येईना, मलाही नाही. ही घरगुती चाचणी आहे, तीन माणसांची, तिच्यावर मी सिद्धांत बांधणार नाही. पण तो दीड डेसिबल लक्षात ठेवा. ट्वीटर बदलल्यावर जो "रेशमी गोडवा" जाणवतो, त्यात बऱ्याचदा असलाच दीड डेसिबल असतो. नवा ट्वीटर कमी संवेदनशील असतो, क्रॉसओव्हर मात्र जुनाच. तेवढं काम अर्ध्या-एका ओहमच्या रेझिस्टरने होतं.

मग तुमचा बोचरेपणा येतो कुठून? माझा पहिला संशय ३ किलोहर्ट्झवर आहे. १६५ मिमी वूफरच्या कोनचा प्रत्यक्ष हलणारा व्यास साधारण १३० मिमी. ३ किलोहर्ट्झची तरंगलांबी ११४ मिमी, म्हणजे कोनपेक्षाही लहान. तिथे वूफर टॉर्चसारखा समोरच फेकतो, बाजूला फार कमी. आणि नेमकं तिथेच काम हातात घेणारा २५ मिमीचा डोम चहूकडे पसरवतो, कारण त्याचा व्यास तरंगलांबीएवढा व्हायला १३.७ किलोहर्ट्झपर्यंत जावं लागतं. समोरून मोजलं तर ग्राफ सपाट. ३० किंवा ४५ अंशांवरून मोजलं तर ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये फुगवटा. तो फुगवटा भिंतींवरून परत येतो आणि कान थकवतो. हे सगळं व्यासाचं गणित आहे. डोम हिऱ्याचा लावला तरी हे असंच राहील.

उपाय म्हणजे क्रॉसओव्हर २ किलोहर्ट्झच्या जवळ आणणं आणि उतार चौथ्या ऑर्डरचा करणं, किंवा ट्वीटरला वेव्हगाइड, म्हणजे उथळ कर्ण्यासारखं तोंड, लावणं, म्हणजे तो त्याच्या खालच्या फ्रिक्वेन्सींना वूफरइतकाच अरुंद पसरेल. पण खाली येताना एक गोष्ट पाहा. त्याच आवाजाला फ्रिक्वेन्सी निम्मी केली की डोमला चौपट हलावं लागतं. ३ वरून २ ला आलात तरी सव्वादोन पट. ट्वीटर हे झेपवतो की नाही ते डोमच्या मटेरियलवर नाही, त्याच्या मूळ रेझोनन्सवर (ज्या फ्रिक्वेन्सीला तो आपसूक हलतो), मागच्या चेंबरवर, सराउंडवर (डोमभोवतीच्या लवचीक कडेवर) आणि मॅग्नेटच्या फटीत कॉइल किती सरळ हलते यावर ठरतं. रेझोनन्स ७०० हर्ट्झच्या खाली असेल तर निर्धास्त २ ला आणा. १२०० ला असेल तर नको. हा आकडा डेटाशीटमध्ये असतोच, आणि ट्वीटर निवडताना मी सगळ्यात आधी तो पाहतो, डोम कशाचा आहे ते नंतर.

दुसरा संशय वूफरवर. तो कोणत्या कोनचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ॲल्युमिनियमचा असेल तर हीच ब्रेकअपची गोष्ट तिथे ५ किलोहर्ट्झच्या आसपास घडते, म्हणजे ऐन कानात. १.७ किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक नेमका त्या सुळक्यावर पडतो. सेकंड ऑर्डरचा उतार तो सुळका पुरेसा दाबत नाही. धातू बोचतो हे म्हणणं इथे खरं ठरू शकतं, पण तो धातू ट्वीटरचा नसेल.

बेरिलियम घ्यायचंच झालं तर एक सावधगिरी. तो डोम ठिसूळ असतो, वाकत नाही, त्याचे तुकडे होतात. आणि बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना गंभीर इजा करते. अखंड डोम पूर्ण सुरक्षित आहे. पण फुटला तर उघड्या हाताने शिवू नका, झाडू नका, व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. वर टेप लावून बंद करा, पिशवीत सील करा आणि कंपनीला विचारा.

ॲल्युमिनियमचाही मार लक्षात असू द्या. एकदा कॅबिनेटवर ट्वीटर बसवताना मी जाळी काढून ठेवली होती. शेवटचा स्क्रू पिळताना हात जरा आत गेला आणि मॅग्नेटने स्क्रूड्रायव्हर अक्षरशः हिसकावून नेला. खट् असा बारीक आवाज, आणि डोमवर मुगाएवढा खड्डा. टेप चिकटवून ओढला, अर्धा वर आला, पण कडा मोडलेलीच राहिली आणि मापात १४ किलोहर्ट्झला खाच पडली. कापडी डोम अशा खड्ड्यातून सहसा उठून बसतो. घरात लहान मूल असेल आणि जाळी लावायची नसेल, तर कापडी डोम घ्यायला हे मला पटणारं कारण आहे. तेव्हापासून मी फेसप्लेटवर पुठ्ठ्याची गोल चकती ठेवूनच स्क्रू पिळतो.

तर आता एवढं करा. आधी ट्वीटरला मालिकेत १ ओहम जादा घाला आणि दोन दिवस ऐका. मग एक साधा मापनाचा मायक्रोफोन मिळवून समोरून, ३० अंशांवरून आणि ६० अंशांवरून मोजा. ट्वीटरच्या दोन वायरी उलट्या करूनही एकदा मोजा. क्रॉसओव्हरजवळ खोल खड्डा पडला पाहिजे, नाही पडला तर वूफर आणि ट्वीटरची फेज जुळत नाहीये, म्हणजे दोघे एका तालात हलत नाहीयेत, आणि डोम बदलून ती जुळणार नाही. चारही ग्राफ इथे टाका, सोबत वूफरचा मॉडेल आणि क्रॉसओव्हरच्या भागांची मूल्यं, म्हणजे किती मायक्रोफॅरड आणि किती मिलिहेन्री ते. त्यावरून नवा क्रॉसओव्हर काढायला मी मदत करतो.