पोरगी पांढरी पडली, पण डोळे पिवळे झाले नाहीत

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही कुरखेडा तालुक्यातले. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघंही एसएस पॅटर्न, म्हणजे आईबापाकडून आलेला सिकलसेल, तांबड्या पेशींचा आजार. मुलीचं हिमोग्लोबिन एरवी आठच्या आसपास राहते. मोहफुलांच्या दिवसात तिला बारीक ताप आला, पोट दुखलं. हातपाय ठणकले नाहीत म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दवाखान्यात ‘व्हायरल आहे’ म्हणून गोळ्या दिल्या. चार-पाच दिवसांनी पोरगी ओसरीची पायरी चढतानी धापा टाकाले लागली, ओठ पांढरेफटक. जिल्ह्याला नेलं तर हिमोग्लोबिन ३.२. रक्त चढवलं, आता बरी आहे. तिथले डॉक्टर म्हणाले, विषाणूनं रक्त बनणंच थांबलं होतं. साध्या तापानं असं कसं होते? लहान्यालाही होईल का? घरात धाकट्या भावाच्या बायकोला पाचवा महिना आहे. सिकलसेलची रोजची गोळी, हायड्रॉक्सियुरिया, बंद केली, ती कधी सुरू करायची?

उत्तर : भाऊ, तुम्ही लिहिलंय त्यावरून हा पार्व्होव्हायरस बी-१९ असणार. १९७५ साली लंडनमध्ये इव्हॉन कोसार्ट रक्ताच्या नमुन्यांत हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधत होत्या. ‘बी’ गटातल्या १९ नंबरच्या नमुन्यात भलतंच काही सापडलं आणि तेच नाव चिकटलं. हा करतो काय, ते मात्र कळेना. १९८१ मध्ये लंडनमधल्या सिकलसेलच्या काही लेकरांचं रक्त असंच एकाएकी उतरलं आणि त्यांच्या रक्तात हा निघाला. जमैकातही तेच दिसलं. निरोगी माणसाला बहुधा याचा पत्ताही लागत नाही, म्हणून तो काय करतो ते कळलं ते सिकलसेलच्या लेकरांमुळे.

आता ‘असं कसं’ याचं उत्तर. तुमची-माझी तांबडी पेशी १२० दिवस टिकते. एसएसवाल्याची दहा ते वीस दिवस. तरी पोरगी आठ हिमोग्लोबिनवर शाळेत जाते, खेळते, ते हाडातला मगज रात्रंदिवस नवीन पेशी काढतो म्हणून. गळकी टाकी मोटर सतत चालू ठेवून भरलेली असते ना, तसं. बी-१९ नेमका या मगजातल्या तांबड्या पेशींच्या कोवळ्या पिल्लांत शिरतो आणि त्यांना मारतो. सात ते दहा दिवस उत्पादन ठप्प. आपल्याला एवढी खोट जाणवत नाही. तिच्याकडे साठाच नव्हता. आठवरून तीनवर यायला आठवडा पुरतो.

रिपोर्टात ‘रेटिक’ असं लिहिलेलं शोधा. रेटिक म्हणजे नुकत्या बाहेर पडलेल्या पेशी. सिकलसेलमध्ये त्या नेहमी जास्त असतात. या आजारात जवळजवळ शून्य होतात. रेटिक न पाहता नुसतं हिमोग्लोबिन पाहणं म्हणजे अर्धीच तपासणी, हे मी आमच्या नवीन डॉक्टरांनाही सांगून थकले.

घरी ओळखायचं कसं? रोजच्या उजेडात खालची पापणी ओढून आतला रंग पाहा, तळहाताच्या रेघा पाहा. सिकलसेलच्या पेशी फुटतात तेव्हा डोळे जास्त पिवळे होतात, लघवी गडद होते. इथे पेशी बनतच नाहीत, म्हणून लेकरू पांढरं पडतं पण डोळ्यांचा पिवळेपणा वाढत नाही. दुसरी गोष्ट पानथरीची, म्हणजे प्लीहेची. लेकराला उताणं झोपवा, गुडघे दुमडा, डाव्या बरगडीखाली बोटं सपाट ठेवून हलकेच दाबा. एरवी लागत नाही ती पानथरी एकाएकी हाताला लागली आणि लेकरू पांढरं पडलं, तर रक्त पानथरीत साचतंय. तेही तेवढंच घाईचं, वाट पाहायची नाही. हा हात आपल्या आशाताईकडून एकदा शिकून घ्या. पुस्तकात या विषाणूनं गाल लाल होतात असंही लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या लेकरांच्या गालावर ते दिसेल याच्या भरवशावर राहू नका.

लहान्याची काळजी खरी आहे. घरात ज्यांना हा पूर्वी झालेला नाही, त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांना तो लागतो. भावंडं पाठोपाठ आजारी पडलेली मी पाहिली आहेत. मुलीच्या तापापासून तीन आठवडे त्याच्यावर नजर ठेवा. बारीक ताप जरी आला तरी त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि रेटिक करून घ्या. ‘व्हायरल आहे’ म्हणाले तर म्हणा, हो साहेब, पण हा एसएस आहे, रेटिक करा. मुलीला मात्र आता हा विषाणू सहसा परत त्रास देणार नाही. एकदा झाला की शक्ती जन्मभर राहते. लस अजून नाही.

भावजयीसाठी. गरोदरपणी हा लागला तर क्वचित पोटातल्या बाळाचंही रक्त उतरतं. मुलगी तापात होती आणि पांढरी पडली, त्या दिवसांत ती विषाणू सोडत होती. भावजय तेव्हा जवळ होती का ते डॉक्टरांना सांगा. तिच्या रक्तात बी-१९ ची आयजीजी, आयजीएम तपासणी होते, हा पूर्वी होऊन गेला की आता लागला ते त्यातून कळतं. तालुक्याला नाही, नागपूरच्या लॅबला नमुना पाठवावा लागेल. बऱ्याच मोठ्या माणसांना हा लहानपणीच होऊन गेलेला असतो, म्हणून घाबरून जाऊ नका.

पण मला तुमच्या पत्रात याहून मोठी गोष्ट दिसली, आणि तुम्ही ती विचारलीच नाही. तुमची दोन्ही लेकरं एसएस, म्हणजे तुम्ही बहुतेक एएस, आजार नसलेले पण सिकलसेलचं एक जनुक बाळगणारे. मग तुमचा भाऊही एएस असू शकतो. त्याची आणि त्याच्या बायकोची सिकलसेलची रक्ततपासणी, सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस, झालीय का? दोघंही एएस निघाले तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता एसएसची. ही तपासणी या आठवड्यात करा, विषाणूचीही लांबवू नका.

हायड्रॉक्सियुरिया मगजाचं काम मंदावते, म्हणून थांबवली हे बरोबर केलं. रेटिक वर आलं की तुमचे डॉक्टर सुरू करतील. मनानं सुरू करू नका, आणि विसरूनही जाऊ नका. बंद पडलेली गोळी बंदच राहिलेली मी फार घरांत पाहते.

प्रश्न : मी एसएस, वय बावीस, भद्रावती तालुका. मोबाईलवर पाहिलं की एचआयव्हीचा विषाणू अंगात सोडून सिकलसेल बरा करतात. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं. विषाणू अंगात सोडत नाहीत. रुग्णाच्या मगजातल्या मूळ पेशी बाहेर काढतात. एचआयव्हीच्या जातीच्या विषाणूतून वाढण्याची आणि आजार करण्याची ताकद काढून टाकतात आणि त्याच्या हातून चांगल्या हिमोग्लोबिनचं जनुक पेशींत पोचवतात. मग केमोथेरपीनं जुना मगज रिकामा करून त्या पेशी परत देतात. पॅरिसमध्ये २०१४ साली १३ वर्षांच्या एका मुलावर हे पहिल्यांदा झालं. अमेरिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये दोन उपचारांना परवानगी दिली. एकात असा विषाणू आहे, दुसऱ्यात तो न वापरता जनुकात कात्री चालवतात. विषाणूवाल्याची अमेरिकेतली किंमत ३१ लाख डॉलर, आणि त्यावर रक्ताच्या कॅन्सरच्या धोक्याचा इशारा छापलेला आहे. तेव्हा कुणी तुला ‘पन्नास हजारांत करून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नकोस. आज हाताशी असलेला पक्का इलाज म्हणजे जुळणाऱ्या भावंडाचा मगज. भाऊ-बहीण असतील तर मगज जुळतो का ते पाहणाऱ्या एचएलए तपासणीचं विचार. तोवर रोजची गोळी घे, पाणी भरपूर पी.

प्रश्न : मुलाला वारंवार रक्त चढवावं लागते. रक्तातून विषाणू येतो का? (आरमोरी)

उत्तर : आपल्याकडे दात्याचं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस (गुप्तरोग) आणि मलेरियासाठी तपासूनच देतात. म्हणून धोका कमी, पण शून्य नाही. तेव्हा हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली का, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहा. न्यूमोकोकसची लस आता सरकारी यादीत आहे, तीही पाहा. फ्लूची दरवर्षी घ्यायची असते. ती नेहमीच्या यादीत नाही, बहुतेक विकत घ्यावी लागेल.