काकडी काकांची कोण?

चिऊ,

काकडी काकांची कोण लागते, आणि आजी तिला फोनवर ‘तवसं’ का म्हणाली, असं विचारलंस ना?

काकांची ती कोणी नाही, काकडआरतीचीही नाही. तिथला काकडा म्हणजे कापडाला पीळ देऊन केलेली जाड वात. काकडी आली ‘कर्कटी’ या संस्कृत शब्दावरून. प्राकृतात ‘र्क’चा ‘क्क’ झाला, कक्कडी. पुढे मराठीत जोडाक्षर सुटलं आणि त्याचा भार आधीच्या अक्षरावर पडला, म्हणून ‘क’चा ‘का’. कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. मोठ्याने म्हणून बघ, जीभच वाट दाखवते.

हिंदीत मात्र या शब्दातला पहिला क आखूडच राहिला. शिवाय त्यांची ककडी म्हणजे बारीक, लांब, वाकडी. आपल्या काकडीला ते खीरा म्हणतात. हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणीकडे ककडी मागशील तर ताटात भलतंच येईल!

तवसं ही कोकणातली पावसाळी, गलेलठ्ठ काकडी. त्रपुस, तउस, तवस असा तिचा प्रवास. ती किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून धोंडस करतात.

आता ‘ट’कडे ये. कर्कटीतल्या ‘ट’चा ‘ड’ झाला, तसाच ‘कटु’मधल्याचाही: कडू. हे दोन शब्द स्वयंपाकघरात बरेचदा एकत्र येतात. कडूपणा देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो. म्हणून देठाकडचं बोटभर कापून टाक, पुढची चकती चाखून बघ. टोक घासून फेस काढतात, पण खरा उपयोग ते टोक कापल्याचाच. सगळीच कडू निघाली तर सरळ टाकून द्यायची. साखरेने ती सुधारत नाही.

खमंग काकडीसाठी काकडी किसायची नाही, चोचवायची. सोललेली काकडी डाव्या हातात धरून सुरीने उभ्या, दाट चिरा पाडायच्या, मग वरचा थर पातळ आडवा कापायचा. काकडी फिरवत पुन्हा तेच. बारीक, कुरकुरीत तुकडे पडतात. किसली की पाणी सुटून लगदा होतो. (सुरी आईच्या हातात. तू चाखायचं काम कर.)

2 मध्यम काकड्यांना पाव वाटी दाण्याचं कूट, 2 चमचे ओलं खोबरं, 1 चमचा साखर, अर्धं लिंबू. वर 1 चमचा तुपात जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी. कूट जाडसर हवं. मीठ मात्र पानं घेतल्यावरच. मीठ आधी पडलं की काकडी पाणी सोडते, कूट त्यात भिजून चिकट होतं आणि खमंग काकडीतलं खमंग निघून जातं.

तुझा,
बाबा